नाशिकमध्ये हवामान आणि आरोग्यावर प्रबंध करायचाय? आधी रजिस्टर बघा

दरवर्षी जून-जुलैत कोणाचा तरी फोन येतो. पब्लिक हेल्थला नाहीतर पर्यावरणशास्त्राला नुकताच प्रवेश झालेला असतो. गाइडने "क्लायमेट चेंजवर काहीतरी बघ" असं सांगितलेलं असतं आणि शीर्षकही ठरलेलं असतं: 'हवामान बदलाचा नाशिक जिल्ह्यातील सार्वजनिक आरोग्यावर होणारा परिणाम'. मी विचारते, कुठला आजार? कुठला तालुका? किती वर्षांच्या नोंदी? पलीकडे शांतता. माझीही सुरुवात अशीच झाली होती आणि पहिले सात महिने त्यातच गेले. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

पहिली पायरी : जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचा

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे सह्याद्रीला लागून. तिथे दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, इगतपुरीत तर तीन हजारांच्याही वर जातो. शंभर किलोमीटर पूर्वेला सरका, सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव. तिथे पाचशेच्या आसपास झाला तरी लोक खूश. दोन्हीची सरासरी काढली तर जो आकडा येतो तेवढा पाऊस कुठल्याच गावात पडत नाही. म्हणून प्रबंधाच्या शीर्षकात 'नाशिक जिल्हा' लिहायचा मोह आधी आवरा.

आणि जास्त पाऊस म्हणजे जास्त पाणी, हेही इथे खरं नाही. पेठ-सुरगाण्याचं पाणी उतारावरून दमणगंगा, नार, पार नद्यांतून गुजरातकडे निघून जातं. खाली काळा पाषाण, त्यात मुरतं थोडंच. एप्रिल-मेमध्ये तिथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. निफाडला पाऊस त्यांच्या पाव हिश्शाचा, पण कालवा आहे, विहिरी आहेत, द्राक्षबागा उभ्या आहेत. तुमच्या अभ्यासात 'पाणीटंचाई' हा घटक असेल तर पावसाच्या आकड्यावरून ती ठरवू नका. टँकर कधी सुरू झाला आणि कधी बंद झाला, ही तारीख पंचायत समितीत मिळते. ती वापरा.

दुसरी पायरी : विषय ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बसा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ग्रंथालयात बसून उष्माघातावर तीस शोधनिबंध वाचले, मग उन्हाळ्यात एका आरोग्य केंद्रात गेले आणि चार वर्षांची ओपीडी रजिस्टरं चाळली. उष्माघात हा शब्द एकदाही सापडला नाही. सिस्टर हसून म्हणाल्या, "अहो मॅडम, इथं चक्कर लिहितात, ताप लिहितात, जुलाब लिहितात. उष्माघात लिहिला की वरून पन्नास प्रश्न येतात." त्या एका वाक्यानं माझा आराखडा मोडला, आणि बरंच झालं.

तेव्हा आधी दोन-तीन केंद्रांत जा आणि नोंद कशी होते ते बघा. ओपीडी रजिस्टरमध्ये वय, गाव, लक्षण, औषध असतं. निदान बहुतेक वेळा नसतं. साथरोग सर्वेक्षणाच्या कार्यक्रमात तीन प्रकारची माहिती वर जाते: एस फॉर्ममध्ये आरोग्यसेविकेने लक्षणांवरून केलेली नोंद, पी फॉर्ममध्ये डॉक्टरांचं संभाव्य निदान आणि एल फॉर्ममध्ये प्रयोगशाळेने पक्कं केलेलं निदान. हे तीन आकडे कधीच सारखे नसतात आणि तसे असायलाही नकोत. पण नवखे लोक तिन्ही एकत्र करून एकच आलेख काढतात. शिवाय २००४ ला सुरू झालेला हा कार्यक्रम २०२१ पासून नव्या ऑनलाइन प्रणालीवर गेला. आधी आठवड्याचा गोषवारा जायचा, आता रोजची नोंद अपेक्षित आहे. २०२१ नंतर एखादा आजार अचानक वाढलेला दिसला तर आधी शंका नोंदणीवर घ्या, हवामानावर नंतर.

डेंगीचं वेगळं आहे. सरकारी यादीत 'निश्चित रुग्ण' धरायला एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी लागते आणि त्यासाठी नमुने ठराविक प्रयोगशाळांतच जातात. कॉलेज रोडच्या खासगी दवाखान्यात झटपट किटवर आलेला पॉझिटिव्ह रुग्ण त्या यादीत नसतो. म्हणजे शहराच्या ज्या भागातले लोक खासगीत जातात तिथे डेंगी कमी 'दिसते'.

पाण्यावर काम करायचं असेल तर ग्रामपंचायतीचं कार्ड बघा. पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासणी होते आणि लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा किती, पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी टेस्ट कधी केली, याची वही जलसुरक्षकाकडे असते. वहीतल्या सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेल्या दिसल्या तर काय समजायचं ते समजा, पण त्यावरून त्याला झापू नका. तुम्ही पाहुणे आहात.

तिसरी पायरी : प्रश्न लहान करा

इथे थोडं थांबून एक उदाहरण नीट सांगते, कारण बाकी सगळं यावरून कळेल.

पाऊस वाढला की डास वाढतात आणि डास वाढले की डेंगी वाढते, हे सगळ्यांना पाठ असतं. आता मनमाडचा विचार करा. पंधरा-वीस दिवसांनी एकदा नळ येण्याची वर्षं तिथल्या लोकांनी काढली आहेत. घरात पिंपं, टाक्या, हौद, हंडे, मिळेल त्यात पाणी साठवायचं. डेंगीचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळी तापमानात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नळाची पाळी पंधरा दिवसांची, डासाची दहा. पिंप रिकामं होऊन घासलं जाण्याआधीच डास उडून गेलेला असतो. म्हणजे पाऊस न पडल्यानेही डेंगी वाढू शकते. 'नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि घरातल्या भांड्यांत अळ्या किती सापडतात' हा प्रश्न एका विद्यार्थ्याला, एका मोटरसायकलवर, चार महिन्यांत झेपतो. कंटेनर सर्वे आरोग्यसेवक करतच असतात: किती घरं तपासली, किती भांडी, किती दूषित, कुठे अबेट हे अळीनाशक टाकलं, कुठे गप्पी मासे सोडले. त्यांच्याबरोबर फिरा. कोरडा दिवस (भांडी रिकामी करून घासायचा आठवड्यातला दिवस) कागदावर कसा पाळतात आणि घरात कसा, हेही दिसेल.

याच्या उलट चूक नाशिक रोडकडे होते. गोदावरीत पाणवेली पसरल्या की डासांनी लोक हैराण होतात आणि पेपरात लगेच डेंगीशी सांगड घातली जाते. पाणवेलींच्या घाण पाण्यातले डास मुख्यतः क्युलेक्स जातीचे, ते डेंगी पसरवत नाहीत. त्रास खरा आहे, पण आजार दुसरा. जात ओळखायला शिका. मलेरिया विभागातला जुना कीटक समाहारक अर्ध्या तासात शिकवतो. अळी पाण्यात कशी लटकते यावरूनच त्याला कळतं.

द्राक्षपट्ट्यात वेगळा प्रश्न आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने फवारण्या वाढतात. हवामान बदलाचा माणसाच्या अंगापर्यंत पोचणारा हा सगळ्यात सरळ रस्ता आहे, आणि याच्या नोंदीही आहेत! निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या बागांना फवारणीची वही ठेवावीच लागते: तारीख, औषध, प्रमाण. एवढी चांगली नोंद दवाखान्यातही मिळत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम तपासून ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांचा परिणाम कळतो, बुरशीनाशकांचा बहुतेक वेळा नाही. डाऊनीसाठी मारतात ती बुरशीनाशकं. वही न वाचता रक्त काढायला गेलात तर पैसेही जातील आणि मजुरांचा विश्वासही.

मालेगावात यंत्रमाग, पत्र्याची शेड, बारा-बारा तासांची पाळी आणि एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीसच्या पुढे गेलेला पारा. तिथे उष्म्याचा अभ्यास करायचा तर उष्माघाताच्या नोंदी शोधू नका, एकूण मृत्यू बघा. अहमदाबादने हेच केलं. २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं एकूण मृत्युनोंदींवरून निघालं. शहराचा २०१३ चा उष्णता कृती आराखडा त्या उन्हाळ्याच्या अनुभवातूनच आला. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख असे दोन रकाने असतात. पहिला घ्या. शिवाय नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. मालेगावचा माणूस नाशिकच्या किंवा धुळ्याच्या रुग्णालयात गेला तर तो मालेगावच्या वहीत नाही.

चौथी पायरी : परवानग्या

कंटाळवाणं आहे, पण आधी हेच सुरू करा. कॉलेजच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मराठी संमतीपत्र लिहिण्याआधी वाचून घ्या. नाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदी वापरणार असाल तरी "सूट आहे" हे समितीनेच लिहून द्यायचं असतं, तुम्ही ठरवायचं नाही. समितीची बैठक दर महिन्याला होतेच असं नाही, तारीख हुकली की दोन-तीन महिने गेले.

ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेतल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र, नाशिक आणि मालेगाव शहरांसाठी त्या त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाचं, जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं. ही तीन वेगळी घरं आहेत. एकाचं पत्र दुसरीकडे चालत नाही. पत्राच्या पाच प्रती काढा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.

माहितीचा अधिकार हा शेवटचा उपाय ठेवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांची मुदत. अर्जात "संगणकीय स्वरूपात उपलब्ध असल्यास त्याच स्वरूपात" हे शब्द घाला. मी घातले नव्हते. एका कार्यालयाने मला दर पानी दोन रुपयांनी साठ झेरॉक्स दिल्या, त्यातली अर्धी पानं काळी. आणि अर्ज केला की त्या कार्यालयातला चहा बंद होतो, हेही ध्यानात असू द्या.

पाचवी पायरी : हवामान आणि हवेचे आकडे

हवामान खात्याची नकाशावरच्या चौकटीनुसार (ग्रिड) आकडेवारी फुकट मिळते. पावसाची चौकट पाव अंशाची आहे, ती चालते. तापमानाची एक अंशाची, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरची. एवढ्या मोठ्या चौकटीत घाटमाथा आणि तापलेलं पठार एकाच आकड्यात येतं. त्यावर उष्म्याचा अभ्यास उभा राहत नाही. एरा-५ लँड या जागतिक हवामान आकडेवारीची चौकट नऊ किलोमीटरची आहे, ती बघा, आणि महसूल मंडळांतल्या महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडे मिळाले तर त्याच्याशी ताडून पाहा. तालुकानिहाय पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर रोज येतो.

हिवाळ्यात पेपरात 'नाशिक गारठलं' अशी बातमी येते. आत वाचलं की कळतं, आकडा निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा आहे. ते शेत आहे, नदीकाठ आहे, तिथला पारा शहरापेक्षा खाली असतोच. एकाच तक्त्यात दोन केंद्रं मिसळू नका.

हवेसाठी: नाशिक हे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन प्रकारची केंद्रं आहेत. हाताने चालवायच्या केंद्रात आठवड्यातून दोनदा मोजतात, वर्षाला १०४ दिवस. गंगापूर रोडसारखी सततची केंद्रं दर तासाचे आकडे देतात. रोजच्या दमा-खोकल्याशी संबंध जोडायचा तर पहिला प्रकार उपयोगाचा नाही. मर्यादा लिहिताना कोणाची ते लिहा. पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. स्वस्त सेन्सर स्वतः लावणार असाल तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो वाढीव आकडे दाखवतो. आधी पंधरा दिवस मंडळाच्या केंद्राजवळ ठेवून फरक काढून घ्या.

पुरासाठी आपल्याकडे एक मोजपट्टी आहे जी इतर शहरांकडे नाही: रामकुंडाजवळ गोदावरीत उभा असलेला दुतोंड्या मारुती. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, नाशिककर पूर असाच मोजतात. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांच्या बातम्यांत ही भाषा सापडेल. जुन्या अंकांची चौकशी सार्वजनिक वाचनालयात करा. १८४० पासूनची संस्था आहे आणि तिथली माणसं मदत करतात. फक्त गंगापूर धरणातून सोडलेले क्युसेक आणि होळकर पुलाखालून वाहिलेले क्युसेक यांत गल्लत नको. मधल्या पट्ट्यात शहराचे नाले मिळतात, आणि घाटावर येणारं पाणी दुसऱ्या आकड्यातलं असतं.

सहावी पायरी : गावात

सुरगाण्याला दिवसाच्या फेरीत काम होत नाही. मुक्कामी एसटीने जा, सकाळी सातच्या आत गावात असा. नऊनंतर घरात म्हातारी आणि पोरं उरतात. दिवाळीनंतर तर घरंच बंद मिळतील, माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षांच्या कामाला उतरलेली असतात. सोबत आशाताईला घ्या आणि तिच्या दिवसाचे पैसे बजेटमध्ये धरा. ती 'समाजसेवा' म्हणून येईल असं गृहीत धरू नका. बऱ्याच घरांत कोकणा बोलतात. पुस्तकी मराठीतली प्रश्नावली तिथे आपटते. "गेल्या पंधरवड्यात अतिसाराचा त्रास झाला का?" असं मी विचारलं आणि बाईने आशाताईकडे बघितलं. तिने विचारलं, "पोराला ढाळ लागली व्हती का?" उत्तर लगेच आलं. संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवा, अंगठा घेत असाल तर तुमच्या गटाबाहेरचा साक्षीदार ठेवा.

पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत, आणि क्लोरीन टाकलेलं पाणी असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट असायला हवं. नाहीतर जिवाणू वाटेतच मरतात आणि पाणी स्वच्छ असल्याचा निकाल येतो. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा. सावळ घाट आणि रस्त्याची कामं धरून वेळ मोजा. शुक्रवारी दुपारी नमुने घेऊ नका, शनिवार-रविवारी लॅबमध्ये घेणारं कोणी नसतं.

सातवी पायरी : आकडे जुळवताना

ग्रामीण ओपीडीत सगळ्यात जास्त गर्दी आठवडे बाजाराच्या दिवशी असते. माणूस बाजाराला येतो, तेव्हाच दवाखान्यात जातो. हे मॉडेलमध्ये घातलं नाही तर तुमच्या आलेखात दर सात दिवसांनी 'साथ' येईल. वार नव्हे, त्या गावचा बाजारवार घाला. सण, यात्रा, वणीचा गड, दिवाळीचा आठवडा यांचंही तसंच.

परिणाम उशिरा दिसतो हेही धरा. उष्म्याचा त्याच दिवशी ते तीन-चार दिवसांत, पुरानंतरच्या जुलाबांचा आठवडा-दोन आठवड्यांत, पावसानंतरच्या डेंगीचा महिना ते तीन महिन्यांत. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डीएलएनएम नावाचं पॅकेज यासाठीच आहे. एका पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) रोजच्या आकड्यांवर ते चालवू नका, रोज दोन-तीन रुग्ण असतात, त्यातून काही निघत नाही. तालुका आणि आठवडा हे माप धरा.

आजाराचा दर काढताना छेदात कुठली लोकसंख्या, हा खरा डोकेदुखीचा भाग. गावनिहाय लोकसंख्येसाठी लोक २०११ ची जनगणना धरतात. सुरगाण्याची माणसं जानेवारी ते एप्रिल निफाडच्या बागांत असतात. त्यांचा ताप निफाडच्या रजिस्टरमध्ये आणि त्यांची डोकी सुरगाण्याच्या जनगणनेत. ओपीडी रजिस्टरमधला गावाचा रकाना म्हणूनच सोडू नका. आशाताईंचं घरोघरचं सर्वेक्षण या बाबतीत जनगणनेपेक्षा ताजं असतं. २०२० आणि २०२१ वेगळी ठेवा, त्या दोन वर्षांत लोक दवाखान्यात जायलाच घाबरत होते. आणि शहरावर काम करणाऱ्यांनी २०२७ च्या सिंहस्थाचा विचार आत्ताच करावा: आधीच्या वर्षभरातली रस्त्यांची आणि घाटांची कामं, त्यांची धूळ, आणि मग काही आठवडे लोकसंख्येला काही अर्थच नसणं. रामकुंडाच्या पाण्यावर काम करणाऱ्यांना मात्र हीच संधी. स्नानासाठी बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. पर्वणीच्या आधी, दरम्यान आणि नंतर, त्याच जागी, त्याच वेळी मोजा, आणि टाकळी-तपोवनाच्या सांडपाणी केंद्रांच्या खालचाही एक बिंदू ठेवा.

प्रबंध झाल्यावर

ज्या पीएचसीतून रजिस्टरं घेतली तिथे एक पान मराठीत लिहून द्या. मोठ्या अक्षरात, एक तक्ता, चार ओळी, गावांची नावं त्यांच्याच क्रमाने. मी दिलं तेव्हा सिस्टरांनी ते औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं आणि लगेच एक चूक दाखवली: दोन पाड्यांची नावं मी उलटी टाकली होती. प्रबंधाची बांधणी होऊन गेली होती, शुद्धिपत्र जोडावं लागलं. तुम्ही ते पान बांधणीच्या आधी दाखवा.